अळणी नैवेद्य

माझ्या सासूबाई स्वयंपाक करताना कधीही चाखत नाहीत. भाजी असो, वरण असो, की भरल्या पंगतीचा रस्सा असो. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चमचा जिभेला लागायचा नाही. चाखलं की अन्न उष्टं झालं, आणि उष्टं देवापुढे कसं ठेवणार? मग मीठ कसं कळतं, असं कुणी विचारलं तर त्या म्हणत, वासावरून. पातेल्यावरचं झाकण जरा सरकवायच्या, वाफेवर नाक न्यायच्या, थांबायच्या आणि एक चिमूट टाकायच्या. मिठाला वास नसतो, हे माझ्या मुलीनं त्यांना शास्त्राचं पुस्तक उघडून दाखवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मिठाला नसेल, पण मीठ पडलेल्या भाजीला असतो." आणि मीठ नेमकं असायचं, त्यामुळे पुस्तक मिटावं लागलं.

माझं माहेर मखमलाबादकडचं, भाजीपाला पिकवणारं. तिकडे मेथीच्या जुड्या बांधून टेम्पो मार्केटला रवाना झाला की माझी आई गॅसपाशी उभी राहायची. एकीकडे फोडणी, एकीकडे कणीक, आणि कालवण उकळलं की पळीतले दोन थेंब तळहातावर घेऊन चाटायची. आमच्या देवाला घाई समजत होती. ही सवय घेऊन मी लग्नानंतर सटाण्याला आले आणि पहिल्याच आठवड्यात वरण माझ्याकडे आलं. मी आपली तळहातावर घेतलं, जिभेला लावलं. वर बघते तर सासूबाई दारात.

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी पातेलं उचललं, मागच्या दारी नेलं, म्हशीच्या घमेल्यात ओतलं, घासून आणलं आणि नवी डाळ शिजायला टाकली. "बस तू, मी करते," एवढंच म्हणाल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले, मग रडून झाल्यावर मला राग आला. एका थेंबासाठी एवढं पातेलंभर वरण? माणसापेक्षा वरण मोठं का? मनात म्हटलं, या बाईशी आपलं जमायचं नाही. पुढे जमलं. जमलं म्हणजे मी चाखायचं सोडलं आणि त्यांनी मला स्वयंपाक सांगायचं सोडलं.

सासरे गेल्यावर त्या सटाणा सोडून आमच्याकडे नाशिकला आल्या. द्वारकेच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट आहे असं म्हणतात. नवरा मनमाडला रेल्वेत नोकरीला. समोर मी त्याला अहो-जाहो करते, इथे 'तो' लिहितेय. त्याला वाचायला वेळ कुठे आहे. सकाळची गाडी धरायची म्हणून उजाडता उजाडता निघायचं आणि दिवेलागणीनंतर घरी. मी जवळच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलं करते. मुलगी यंदा बारावीला. कॉलेज, क्लास आणि मधल्या वेळात मोबाईल. अशा घरात कोण कुठे काय खातंय याचा काही मेळ नव्हता. नवरा मनमाडच्या फलाटावर वडापाव, मी ऑफिसखाली मिसळ, मुलगी नूडल्स, आणि संध्याकाळी सगळेच दमलेले म्हणून शेवभाजीचं पार्सल. सासूबाई सकाळी नैवेद्यापुरतं करायच्या, त्यातलं निम्मं फ्रिजमध्ये जायचं. त्या काही बोलत नसत. परक्या गावात आल्यासारख्या राहत होत्या.

मग गेल्या चैत्रात नवऱ्याला कामावर चक्कर आली. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा बघितला. म्हणाले, गोळी रोज, मीठ कमी, बाहेरचं बंद. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. माझे सासरे याच ब्लडप्रेशरनं गेले होते, दुपारचं जेवण करून आडवे झाले ते उठलेच नाहीत. सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "याच्या बापाच्या वेळी मला काही कळलंच नाही. आता कळलंय. उद्यापासून या घरात बाहेरचा घास येणार नाही. माझ्या लेकाला मी बरं करते."

मी मनात म्हटलं, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास; आता यांचं कोण ऐकणार आणि करणार कोण. पण त्यांनी केलं. आणि नुसतं स्वतः केलं नाही, आम्हाला सगळ्यांना जुंपलं. रविवारी सकाळी भाजी यायची, माझा भाऊ मळ्यातून पोतंभर आणून टाकायचा. मग मुलगी कानात लेक्चर घालून लसूण सोलायची, मी मेथी, पालक निवडून कापडात गुंडाळायची, नवरा बाजरीचं दळण घेऊन गिरणीत. एकदा त्यानं शहाणपणा करून महिन्याचं दळून आणलं, रोज रोज कोण रांगेत उभं राहील म्हणून. सासूबाईंनी पिठाचा डबा बघितला नि कपाळाला हात लावला. बाजरीचं पीठ आठवड्यानंतर कडू पडतं, हे त्यांच्याच लेकाला माहीत नाही, आणि हा म्हणे सटाण्याचा. पुढचे तीन आठवडे त्याला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

उन्हाळ्यात काळा मसाला झाला तोही घरी. मी म्हटलं, आई, विकत चांगला मिळतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप कढई उतरवली. एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, धणे, खोबरं, तीळ, कांदा उन्हात वाळवलेला, आणि भाजताना त्यांचे डोळे मिटलेले. नाकच काम करत होतं. "उतरव," म्हणाल्या की उतरवायचं, त्यानंतर दोन परतण्या झाल्या तरी मसाला करपट. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वासावर वर आल्या आणि वाटीभर घेऊन गेल्या. त्या दिवशी सासूबाई फार खूश होत्या. नाशिकला आल्यापासून त्यांना असं मी पहिल्यांदाच बघत होते.

आषाढापर्यंत आकडा खाली आला. डॉक्टर म्हणाले, काय करताय तेच करत राहा. नवऱ्यानं घरी येऊन आईला तसंच्या तसं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि उठून देवापुढे साखर ठेवली. मुलगी आता क्लासला भाकरी-भाजीचा डबा नेत होती, मैत्रिणी तिच्या डब्यावर तुटून पडतात म्हणून कुरकुरत होती, पण दोन भाकऱ्या जास्तीच्या मागून नेत होती. मलासुद्धा दुपारी टेबलावर डोकं टेकून पेंगायची गरज पडेनाशी झाली. खरं सांगते, मला माझ्या सासूचा अभिमान वाटायला लागला होता.

गणपती गेले आणि सासूबाईंना ताप आला. सर्दी, खोकला, अंगदुखी, आठवडाभर अंथरुणावर. बऱ्या झाल्या, लगेच ओट्यापाशी. पहिल्या दिवशी गिलक्याची भाजी खारट झाली. आजारातून उठल्यात, होतं असं. दुसऱ्या दिवशी वरण खारट. तिसऱ्या दिवशी दोन्ही. मी नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान खाली घालून जेवण चालू ठेवलं. मी मुलीकडे बघितलं, तिनं दह्याची वाटी पुढे ओढली. सासूबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या नंतर जेवल्या आणि म्हणाल्या, "आजची भाजी जरा सपक झाली का रे?" नवरा म्हणाला, "नाही आई, मस्त आहे." झालं. त्या एका 'मस्त'नं आमचं वाटोळं केलं.

कारण मग दुसऱ्या दिवशी कुणी कसं बोलणार? काल मस्त होती ती आज खारट कशी? म्हणून जो तो आपापली वाट काढू लागला. मुलगी दही घ्यायची, मी डब्यातल्या भाजीत ऑफिसात काकडी चिरून घालायची. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा माझ्या डब्यातला घास घेतला आणि पाण्याची बाटली शोधत म्हणाल्या, "काय गं, समुद्रावर राहायला गेलात का?" मी मिठाच्या बरणीतला चमचा काढून अगदी बारका ठेवला. पण त्या घालतात चिमटीनं, चमचा नुसता शोभेला. आणि नवरा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बिचारा सगळंच्या सगळं खायचा, वर दोन तांबे पाणी प्यायचा आणि आईला दुसरी भाकरी मागायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दिवाळीच्या सुमारास आकडा पुन्हा वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, पापड? नाही. लोणचं? नाही. बाहेरचं? अजिबात नाही, सगळं घरचं. डॉक्टर बुचकळ्यात पडले आणि त्यांनी गोळी वाढवली. हे कळल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी तेल आणखी कमी केलं, गूळ बंद केला, दिवाळीच्या फराळात चकली केलीच नाही. सोमवार धरले. मला एकदा विचारलं, "माझ्या हातून कुठे कमी पडतंय का गं?" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण कमी नाही, जास्त पडतंय, हे त्या चेहऱ्याकडे बघून म्हणवेना.

त्या रात्री मला झोप नाही आणि सकाळी मी स्कूटीवर त्याला नाशिकरोडला सोडायला निघाले तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. द्वारकेच्या सिग्नलला थांबलो तिथेच मी सुरुवात केली. म्हटलं, आज घरी जाऊन आईंना सांगा, नाहीतर मी सांगते. मागून तो म्हणाला, "नको. तिला दुसरं काय आहे? सगळा दिवस ती त्या ओट्यापाशी जगते. सांगितलं तर म्हणेल, आता माझं काय काम. तेही काढून घ्यायचं का तिच्याकडून?"

मी म्हटलं, "आणि तुम्हालाच काही झालं म्हणजे? मग त्या ओट्यापाशी कुणासाठी उभ्या राहतील?"

शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून आमच्याकडे पाहिलं. सिग्नल सुटला. स्टेशन आलं तसा तो उतरून चालू लागला, डबा विसरला म्हणून परत आला, हॅंडलला अडकवलेला डबा घेतला आणि म्हणाला, "रविवारी बोलतो मी." रविवार आला तसा गेला. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्या घरात ती मुक्कामालाच होती.

आणि खरं सांगायचं तर तोवर आम्हा सगळ्यांना वाटत होतं की वयामुळे त्यांचा हात बदलला. खरं कारण आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ते कळलं संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी. शनिवारी मला अर्धा दिवस. दुपारी जिना चढत होते तर पहिल्या मजल्यापासूनच करपल्याचा वास. खालच्या वहिनी दारात उभ्या. म्हणाल्या, "तुमच्याकडेच आहे वाटतं, मी आत्ता वरच येत होते." मी धावत गेले, लॅच उघडलं तर स्वयंपाकघरात धूर. गॅसवर कढईत शेंगदाणे, तिळगुळासाठी भाजायला टाकलेले, कोळशासारखे काळे. आणि सासूबाई कुठे? तिथेच. कढईकडे पाठ करून, जमिनीवर बसून, शांतपणे तीळ निवडत होत्या. हातभर अंतरावर.

मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. आवाजानं त्यांनी मागे वळून बघितलं. मग धूर दिसला, मग कढई. ज्या बाईनं डोळे मिटून मसाला भाजला होता तिला शेंगदाणे जळाल्याचा वास आला नव्हता. मला एका झटक्यात सगळं उमगलं आणि मीही तिथेच खाली बसले.

सासूबाई आमच्याशी सगळी नाशिकची मराठी बोलतात. आतून फार हलल्या तरच अहिराणी बाहेर येते. त्या तिळाच्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "माले वास येस नही, पोरी."

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून. वाटलं, येईल परत. आता येत नाही. कशाचाच नाही. उदबत्तीचापण नाही." थांबून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर मला गॅसपाशी येऊ दिलं नसतं. आणि याच्या जेवणाचं कुणी बघितलं असतं?"

"मग मीठ कसं घालता, आई?"

"अंदाजानं. पण अन्नाला चवच लागत नाही मला. सगळं पाणचट. मग वाटतं, कमी पडलंय. म्हणून घालते थोडं."

आता मात्र बोलणं भाग होतं. मी भांडकुदळ आहे, सगळे म्हणतात, ऑफिसात तर ड्रायव्हर लोक माझ्या टेबलाला वळसा घालून जातात. पण ते एक वाक्य बोलायला मला किती जड गेलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "आई, कमी नाही पडत. खारट होतंय. गणपतीपासून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "आणि तो?"

"खातात."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी हात सोडवून घेतला. तीळ पुन्हा निवडायला लागल्या, पण खडे आणि तीळ एकत्रच ताटाच्या एका बाजूला जात होते. म्हणाल्या, "माझ्याच हातानं." मला रडू आलं, त्यांना आलं नाही. मला वाटतं त्यांना आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. रुसून नाही, रुसल्या असत्या तर मनवता आलं असतं. सकाळी अंघोळ करून देवघरापाशी बसायच्या, जप करायच्या, हात मांडीवर. मी पहाटे उठून करायला लागले, भाकरी फाटायची, वरण उतू जायचं, गाडी चुकता चुकता राहायची. आठ दिवसांत एकदा पार्सल आलंच. सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. नवरा समोर बसून म्हणाला, "आई, चल ना, थोडं इकडे-तिकडे झालं तर काय होतं." त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाचं झालं तेच होतं." मला त्याचा राग आला, त्यांची दया आली आणि स्वतःचा तर वैताग आला होता. खायचं-प्यायचं सुधारायला निघालेलं घर एका माणसाच्या नाकावर उभं होतं, हे आम्हाला तोवर कळलंच नव्हतं.

आणि नैवेद्य? माझा स्वयंपाक व्हायला उशीर, म्हणून त्या रोज देवापुढे चमचाभर साखर ठेवायच्या. सवयीनं पाण्याचा चौकोन काढायच्या, वर वाटी ठेवायच्या, घंटी वाजवायच्या. एक दिवस मी डबे भरता भरता ते बघत होते. देव साखर खाऊन गप्प होता. आणि मला एकदम मुलीचं लहानपण आठवलं. सणाला नैवेद्याचं ताट वाढताना तिनं विचारलं होतं, सगळ्यांच्या ताटात मीठ वाढता, देवाच्या ताटात का नाही? आजीनं सांगितलं होतं, देवाच्या पानात मीठ वाढत नाहीत, तशी पद्धत आहे. मुलगी म्हणाली होती, देवाला बीपी आहे का?

मी हातातलं झाकण ठेवून देवघरापाशी गेले. म्हटलं, "आई, भाजी मिठाशिवाय करायची. अळणी. तशीच देवाला दाखवायची. नैवेद्य झाला की मग अन्न मोकळं. मग चाखायचं आणि मग मीठ घालायचं. उष्टंही नाही आणि खारटही नाही."

"अळणी स्वयंपाक देवाला?"

"त्याच्या पानात मीठ वाढतो का आपण?"

"वाढत नाही. पण शिजताना असतं."

"साखरेत कुठे होतं? आठ दिवस खातोच आहे की तो."

त्या चिडल्या. बऱ्याच दिवसांनी चिडल्या, ते बघून मला बरं वाटलं. म्हणाल्या, "तुला पहिल्यापासून चाखायचीच हौस." मी म्हटलं, "आहेच." आणि ऑफिसला निघून गेले. दिवसभर बिलांत लक्ष नव्हतं. संध्याकाळी आले तर मुलीनं मला बाजूला ओढून सांगितलं, आजी दुपारभर देवघरासमोर बसून होती आणि मध्येच म्हणाली, माझी सासू अळणी उपास करायची, तेव्हा देव काय उपाशी राहिला होता का.

सकाळी मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. उठून गेले तर सासूबाई ओट्यापाशी, पदर खोचलेला. वांग्याची भाजी शिजत होती, शेजारी वरण. मिठाची बरणी त्यांनी पार वरच्या फळीवर ठेवली होती, त्यांचाच हात पोचणार नाही अशी. ताट वाढलं, चौकोन काढला, घंटी वाजवली, पाणी फिरवलं. हात जोडून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या, पळी भाजीत बुडवली आणि माझ्यासमोर धरली.

"हात कर."

मी तळहात पुढे केला. त्यांनी त्यावर भाजीचा रस्सा ओतला, अगदी जपून, भाजू नये म्हणून फुंकर मारून. ज्या बाईनं माझ्या एका थेंबासाठी पातेलंभर वरण म्हशीला घातलं होतं, ती माझ्या हाताकडे डोळे लावून उभी होती. मी चाटलं. बरणी काढली, चिमूट टाकली, ढवळलं, पुन्हा हात पुढे केला. पुन्हा चिमूट, अर्धीच. म्हटलं, "बस. यांच्यासाठी एवढंच."

त्या म्हणाल्या, "तेव्हाचं ते वरण. तू चाखलं होतंस ते. मीठ बरोबर होतं का त्यात?"

मी म्हटलं, "घातलंच नव्हतं. विसरले की काय, म्हणून तर चाखलं."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं रडतायत. हसत होत्या.

नवरा अंघोळ करून आला तर ताट वाढलेलं. आईला ओट्यापाशी बघून तो जागीच थांबला, मग मुकाट्यानं बसला. सासूबाई एरवी भाकरी करत राहतात. आज तव्याखालचा गॅस बंद करून त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्यानं पहिला घास घेतला. चावायचा थांबला. माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"मस्त आहे, आई."

"खरं बोल. माझं नाक गेलंय, तुझी जीभ गेली नाही."

तो घास हातात धरून बसला. मुलीनं कानातला इअरफोन काढून ठेवला. शेवटी खाली बघत तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

सासूबाईंनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत त्यांच्या स्वयंपाकाबद्दल त्यानं सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती. मग त्यांनी डोळे पुसले, टोपल्यातली गरम भाकरी उचलली आणि न विचारता त्याच्या ताटात वाढली.

"कमीच राहील," त्या म्हणाल्या. "जेव."